व्हेंटिलेटरवरच्या सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) रुग्णाला इनहेलरचे पफ देताना

वाय-पीस (व्हेंटिलेटरच्या दोन नळ्या जोडणारा तुकडा) आणि रुग्णाच्या श्वासनळीतल्या नळीच्या मधला एचएमई फिल्टर (श्वासातली ऊब-ओलावा धरणारा) आधी काढ, नाहीतर औषध त्यातच अडकतं. स्पेसर (इनहेलर जोडायचं पोकळ नळकांडं) श्वास आत नेणाऱ्या नळीत, वाय-पीसच्या साधारण १५ सेंमी अलीकडे बसव. इनहेलर हलव आणि श्वास आत जायला लागताच दाब. साल्ब्युटामॉलचे (श्वासमार्ग सैल करणारं औषध) १०० मायक्रोग्रॅमचे ४ पफ, प्रत्येकात १५-२० सेकंदांचं अंतर. धडाधड मारू नकोस. झाल्यावर फिल्टर परत लाव, हे हमखास विसरतं.

आधी आणि नंतर होल्ड देऊन (श्वास आत गेल्यावर क्षणभर रोखून) पीक (हवा आत जातानाचा सर्वाधिक दाब) व प्लॅटो (रोखल्यावरचा दाब) प्रेशर लिही. दोन्हींतला फरक घटला, तर औषध लागू पडलं. नाही घटला तर डोस वाढवण्याआधी सक्शन कर. घट्ट कफही पीक चढवतो. प्लॅटोच चढलं असेल तर ऑटो-पीप (श्वास पूर्ण बाहेर न पडल्याने फुप्फुसात अडकून राहिलेला दाब) बघ.

आणि सीओपीडीचं कारण शोधताना, मराठवाड्यातल्या खेड्यातली मावशी असेल तर फक्त विडीचं विचारू नकोस, चुलीच्या धुराचंही विचार.