वाचकांचे प्रश्न : बहिणीच्या पेशी आणि समोरच्या इमारतीची धूळ

प्रश्न : माझ्या २७ वर्षांच्या मुलाला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आहे. केमोथेरपीनंतर आजार आटोक्यात आला असून पुढील महिन्यात खारघरला बोन मॅरोचे (अस्थिमज्जेचे) ऑपरेशन ठरले आहे. धाकट्या मुलीशी पेशींची पूर्ण जुळणी झाली आहे. पण तिचे लग्न मार्गशीर्षात आहे आणि पाठीच्या कण्यातून मॅरो काढल्यास तिला मूल होणार नाही, असे नातेवाईक सांगतात. शिवाय नौपाड्यातील आमच्या घरासमोर पुनर्विकासाचे काम सुरू आहे. मुलाला तेथेच आणावे का?
— एक आई, ठाणे

उत्तर : सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते; ती आपल्या घरात साधली आहे. पाठीच्या कण्याला येथे कोणी हात लावत नाही. १९८३ मध्ये परळच्या टाटा रुग्णालयात भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, त्या काळी मज्जा भूल देऊन कमरेच्या हाडातून घेत असत, आणि आजही काही वेळा घेतात. परंतु आता बहुधा चार-पाच दिवस त्वचेखाली इंजेक्शने देऊन मज्जेतील रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी रक्तात उतरवतात आणि प्लेटलेटदानाप्रमाणे यंत्राद्वारे काही तासांत गोळा करतात. त्या दिवसांत अंग आणि डोके दुखते, मात्र पुढे मूल होण्याला बाधा येत नाही. गर्भवती स्त्रीकडून पेशी घेतल्या जात नाहीत, म्हणून लग्नाआधीची वेळ सोयीचीच आहे. राहून राहून वाटते ते एवढेच, की आपल्या पत्रात सर्वांचे मत आले, मुलीचे आले नाही. तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्यावे.

मुलाच्या बाबतीत मात्र मूल न होण्याची काळजी खरी आहे. प्रत्यारोपणापूर्वीच्या तीव्र केमोमुळे पितृत्वाची क्षमता बहुधा जाते. वीर्य साठवून ठेवणे आता शक्य आणि योग्य आहे का, हे याच आठवड्यात विचारावे. हा विषय संकोचामुळे बरेचदा राहून जातो.

मुलाचे ऑपरेशन असे होतच नाही. पिशवीतल्या पेशी रक्तासारख्या नळीवाटे चढवतात. त्या रुजून पांढऱ्या पेशी वाढायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि खरी जोखीम त्यानंतर घरी आल्यावरही संपत नाही. बांधकामाच्या धुळीत आणि कबुतरांच्या विष्ठेत बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी माणसाला ते सहसा जाणवत नाहीत, पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या फुप्फुसात ते घर करू शकतात. त्यामुळे पहिले तीनेक महिने खारघरच्या आसपास राहता आले तर उत्तम, कारण ताप ३८ अंशांवर गेला की पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नसते, लगेच रुग्णालय गाठायचे असते, आणि ठाण्याहून तेथे पोहोचणे वाहतुकीच्या मर्जीवर आहे. नंतर नौपाड्यात आणाल तेव्हा सज्जातील विष्ठा व ओल आलेल्या भिंती तो घरी येण्यापूर्वीच साफ करून घ्याव्यात आणि समोरच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची रक्तातील पातळी तपासण्याच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची, हे फ्रिजवर लिहून ठेवावे. आधी घेतल्यास आकडा फसवा येतो. या गोळ्या चालू असताना पपनस वर्ज्य. त्वचेवर पुरळ, जुलाब किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास बहिणीच्या पेशी त्याच्या शरीरावर उलटल्या असण्याची शक्यता असते. तेव्हा घरगुती लेप लावत बसू नये.

प्रश्न : भावाच्या पेशी मिळून मला १४ महिने झाले. माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह होता, तपासणीत आता ओ पॉझिटिव्ह आला. प्रयोगशाळेची चूक असेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : भावाचा गट ओ पॉझिटिव्ह असेल तर चूक नाही. आपले रक्त आता त्याच्या पेशी तयार करतात. जुन्या ओळखपत्रावरील गट मात्र बदलून घ्यावा आणि रक्त चढवायची वेळ आली तर प्रत्यारोपण झाल्याचे आधी सांगावे. लहानपणीच्या लसींचे संरक्षणही बहुतांशी गेलेले असते; त्या पुन्हा सुरू झाल्या नसतील तर डॉक्टरांना विचारावे. गोवरासारख्या जिवंत लसी मात्र प्रत्यारोपणाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी घेऊ नयेत.