50 मेलने एवढे सर्व्हर कसे बसले?

तुम्ही विचारलंय की मेलिसा व्हायरस एका कॉम्प्युटरवरून फक्त 50 जणांना मेल पाठवायचा, तेही एकदाच, मग एवढ्या कंपन्यांचे मेल सर्व्हर कसे बसले. कागद पेन घ्या, लगेच दिसेल.

मार्च 1999 ची गोष्ट. वर्डची फाईल, आत मॅक्रो, म्हणजे फाईलमध्येच दडलेला छोटा प्रोग्रॅम. तुम्ही फाईल उघडून मॅक्रो चालू दिला की तो तुमच्या आउटलुकच्या (मायक्रोसॉफ्टचा मेलचा प्रोग्रॅम) अ‍ॅड्रेस बुकमधल्या पहिल्या 50 नोंदींना तुमच्याच नावाने तीच फाईल पाठवून मोकळा. आता 50 पैकी सगळे काही उघडणार नाहीत, धरा दहात एकानेच उघडली, म्हणजे 5 जण. त्या 5 चे 25, मग 125, 625, 3125, ही झाली पाचवी फेरी, आणि त्या 3125 जणांनी प्रत्येकी 50 पाठवले की दीड लाखाच्या वर मेल. दहाव्या फेरीचं गणित 97 लाखांवर जातं. प्रत्यक्षात तिथवर जात नाही कारण एकाच ऑफिसातल्या लोकांच्या अ‍ॅड्रेस बुकात तीच तीच नावं असतात, पण सर्व्हर बसायला तेवढं लागतच नाही. शिवाय 'ऑल स्टाफ' सारखा ग्रुप असला तर तो एकच नोंद धरला जायचा, मग 50 चे हजार व्हायला कितीसा वेळ!

खरी मेख त्या 5 मध्ये आहे. 50 पैकी एकानेच उघडली तर एकाचा एकच, वाढ नाही. त्याहून कमी झालं की साथ आपोआप विझते. म्हणून तर मेलमध्ये लिहिलेलं असायचं की हे घे तू मागितलेलं डॉक्युमेंट. ओळखीच्याचं नाव बघून माणूस उघडतोच.

मे 2000 मध्ये मनिलाहून निघालेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसने तर 50 ची मर्यादाही ठेवली नाही, अख्खं अ‍ॅड्रेस बुक. फाईलच्या नावातलं शेवटचं .व्हीबीएस (म्हणजे हा प्रोग्रॅम आहे याची खूण) विंडोज लपवायचं त्यामुळे ती साधी टेक्स्ट फाईल वाटायची, आणि उघडली की जेपीजी फोटो कायमचे खराब. आमच्या ऑफिसात एका मॅडमच्या मुलीचे बारशाचे फोटो असेच गेले, दुसरी कॉपी नव्हती, मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने आउटलुकला अपडेट दिला, असल्या अटॅचमेंट उघडूच द्यायच्या नाहीत आणि कुठलाही प्रोग्रॅम अ‍ॅड्रेस बुकला हात लावायला गेला की आधी माणसाला विचारायचं.