दोन महिन्यांच्या बाळाचं अंग सारखं गरम लागतं, काखेत ९९.१ येतं. हा ताप समजायचा का?

नाही, एवढ्याला ताप म्हणत नाहीत. काखेत साधारण ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट हे बाळाचं नेहमीचंच तापमान. पहाटे ते जरा कमी असतं, संध्याकाळी थोडं चढतं.

हाताच्या अंदाजावर मात्र जाऊ नका. आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागात राहणारे. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा घरातल्या भिंतीसुद्धा तापाने फणफणल्यासारख्या लागतात. त्यात आमच्या सासूबाईंना बाळाच्या डोक्यावर टोपडं हवंच! म्हणून लेक ठणठणीत असतानाच मी काही दिवस सकाळ-संध्याकाळ तिचं तापमान घेऊन दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. सकाळी ९८ च्या आतबाहेर, संध्याकाळी ९८.८ पर्यंत. पुढे कधी शंका आली की त्या आकड्यांशी ताडून बघायचं. तुम्हीही हे आत्ताच करा.

डिजिटल थर्मामीटर घ्या. काख कोरडी पुसा, टोक थेट कातडीला लागू द्या, झबल्याची बाही मध्ये नको, आणि बीप होईपर्यंत दंड छातीशी धरून ठेवा. मालिश, आंघोळ किंवा शेक-शेगडी झाल्यावर अर्धा तास तरी थांबा. आकडा जास्त आला तर दुपटं-टोपडं काढा, अंगावर पाजा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघा. नुसत्या उकाड्याने चढलेलं असेल तर तेवढ्यात उतरतं.

नाही उतरलं, ९९.५ च्या वरच राहिलं, तर डॉक्टरांना फोन करा. आणि १००.४ दिसलं तर तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला रात्री दोन वाजतासुद्धा दवाखान्यात न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही. इथे आमच्याकडे कमला राजा हॉस्पिटल आहे. एवढ्या लहान बाळाला ताप हे कधीकधी रक्तातल्या जंतुसंसर्गाचं एकमेव लक्षण असतं. घरातलं पॅरासिटामॉलचं औषध मनाने पाजू नका. गार पाण्याच्या पट्ट्याही नकोत.

बाळ दूध ओढत नसेल, उठवूनही नीट जागं होत नसेल, तर आकडा कितीही असो, निघा. आणि उबेत घेऊनही काखेत ९७.७ च्या खालीच राहिलं, तर तेही तितक्याच तातडीने दाखवा. इथल्या थंडीत त्याकडे फार दुर्लक्ष होतं, सगळ्यांचं लक्ष तापाकडेच असतं ना!