वही एकच ठेव

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तू आईबरोबर आमच्या ओसरीवर आलीस तेव्हा मी फारसे बोललो नाही. तुझ्या एका वाक्याने मला माझ्या एकोणिसाव्या वर्षात नेऊन बसवले होते. तू म्हणालीस, “काका, कला आणि वाणिज्य दोन्ही घेतले तर मी ना धड इकडची राहीन, ना धड तिकडची.” पी.यू. कॉमर्सला, म्हणजे बारावीला, इतके चांगले गुण मिळवणाऱ्या मुलीने बी.कॉम. करावे असे वडिलांना वाटणे स्वाभाविक आहे, आणि इतिहासाचे पुस्तक हातात आले की जिला जेवणाचे भान राहत नाही तिने बी.ए.चा हट्ट धरणेही स्वाभाविक आहे. परंतु इकडचे आणि तिकडचे अशी वाटणी तू मनात आधीच करून टाकली आहेस, आणि मला भीती वाटते ती त्या वाटणीची.

ती वाटणी मी जन्मभर केली. आमचा छापखाना बेळगावात वडिलांनी उभा केलेला. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची बी.ए.ची पदवी घेऊन मी १९७४ साली तेथे बसू लागलो तेव्हा माझ्याजवळ दोन वह्या होत्या. एका वहीत कविता, टिपणे, दिवाळी अंकाचे मनोरे; दुसरीत कागदाचे दर, छपाईची अक्षरे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची मजुरी आणि उधारी. पहिली वही मी छातीशी धरून फिरत असे. दुसरी गल्ल्याखाली पडलेली असे आणि ती आमचे दिवाणजी लिहीत. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटे.

१९८३ साली एका मित्राचा कवितासंग्रह काढला, ९६ पानांचा. एका कागदावर दोन्ही बाजू मिळून १६ पाने बसतात, त्याला एक फॉर्म म्हणतात; म्हणजे सहा फॉर्म. एका रीममध्ये ५०० कागद, म्हणून ५०० प्रतींना वाया जाणारा सोडून सहा रीम कागद आणि १००० प्रतींना बारा रीम. खिळे जुळवण्याचा आणि प्रूफे तपासण्याचा खर्च मात्र दोन्हींना सारखाच, म्हणून हजार छापल्या की प्रत स्वस्त पडते. एवढे एकच गणित मला ठाऊक होते आणि तेवढ्यावर मी हजार प्रती छापल्या. किती विकल्या जातील, विक्रेता किती कमिशन ठेवील, त्याच्याकडून पैसे केव्हा येतील, यातला एकही प्रश्न मी स्वतःला विचारला नाही, कारण ते प्रश्न दुसऱ्या वहीतले होते. तीनशेही प्रती गेल्या नाहीत. उरलेल्या माळ्यावर वाळवीने खाल्ल्या. त्या कविता उत्तम होत्या, हे मी आजही कोणाशीही वाद घालून सांगेन. कवितांचा त्यात काडीचा दोष नव्हता. पुढे दिवाळी अंकाचेही तेच झाले. अंकाचे कौतुक झाले, जाहिरातींची वसुली झाली नाही, आणि चौथ्या वर्षी तो बंद करावा लागला. पुस्तकाची किंमत ठरवणे हा संपादनाचाच भाग आहे, हे मला पन्नाशीत कळले.

म्हणून सांगतो, वही एकच ठेव.

आता पदवीविषयी. मावसभावाने दाखवलेल्या माहितीपत्रकात तू पाहिलेस की ऑस्ट्रेलियात कला आणि वाणिज्य यांची जोडपदवी चार वर्षांत मिळते, वेगवेगळ्या घेतल्या असत्या तर तीन आणि तीन अशी सहा वर्षे गेली असती. ही दोन वर्षे वाचतात कशी, याचा तू विचार केला आहेस का? दोन्हीकडचे आवश्यक विषय तसेच राहतात आणि मोकळ्या निवडीचे विषय कमी होतात. म्हणजे ज्या जागेत विद्यार्थ्याने इकडेतिकडे हिंडून काही जुळवून पाहावे, नेमकी तीच जागा आकसते. कला शाखेचे प्राध्यापक आपले शिकवतात, वाणिज्य शाखेचे आपले शिकवतात, आणि दोहोंमधला सांधा कोणीच शिकवत नाही. तो विद्यार्थ्याने स्वतः बसवायचा असतो. जोडपदवीचे खरे काम तेच आहे आणि त्याचे गुण कोणत्याही गुणपत्रिकेवर येत नाहीत.

परदेशाचा खर्च तुमच्या घराला झेपणार नाही हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे, आणि त्यासाठी वडिलांना कर्जात घालण्याचे कारणही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करण्यास मुभा दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष महाविद्यालयात करायच्या तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, किंवा एक नियमित आणि दुसरी मान्यताप्राप्त दूरशिक्षणाने करता येते. म्हणजे येथेच राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात बी.कॉम. आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए., हा मार्ग तुला खुला आहे. आपल्या कर्नाटक राज्यात २०२१-२२ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी आली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची झाली, म्हणून आधीच्या मुलामुलींनी सांगितलेल्या विषयरचनेवर विसंबू नकोस. यंदाचा अभ्यासक्रम स्वतः वाच. तुमच्या निपाणीहून कोल्हापूर जवळ आहे, तेथे मुख्य विषयाला जोडून दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याची सोय कशी आहे हेही पाहून ये. मात्र विषय निवडताना हलके विषय घेऊ नकोस. कॉस्टिंग, म्हणजे वस्तूला पडणारा खर्च काढण्याचे शास्त्र, घे, करारांचा कायदा घे, आणि कलेच्या बाजूने इतिहास किंवा भाषाशास्त्र घे. ज्या विषयाला नुसते नाव चकचकीत असते तो दोन वर्षांत शिळा होतो.

तू म्हणशील की हे सर्व ठीक, पण ते एका वहीत येणार कसे? अगं, तुझे आजोळ अथणीचे! चार पिढ्या ज्या घरात कोल्हापुरी चपला शिवल्या गेल्या त्या घरातल्या मुलीने मला हा प्रश्न विचारावा, याचा मला खरोखर राग आला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठराविक भागातच बनणारी वस्तू अशी कायदेशीर ओळख, मिळाले तेव्हा त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव (अथणी त्यातच आली), धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच धाटणीच्या चपला दाखवल्या आणि प्रथम कारागिरांचा उल्लेखही केला नाही; ओरड झाल्यावर त्यांनी ते ऋण मान्य केले. त्या दिवसांत वर्तमानपत्रांचे रकाने भरभरून लिहिले गेले. पण तुझ्या आजोबांच्या एका जोडाला चामडे किती लागते, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात ते किती दिवस मुरते, मामी चपलेची वेणी घालते तिची मजुरी कोण मोजते, व्यापारी जोड कितीला उचलतो आणि पैसे किती महिन्यांनी देतो, हे कोणी लिहिले? ते लिहायला आजोबांची बोली समजणारी, त्यांच्या शब्दांचा मान राखणारी व्यक्ती हवी, आणि तिलाच जोडाचा खर्चही मांडता आला पाहिजे. नुसत्या इतिहासवाल्याने लिहिले तर गौरवगाथा होईल. नुसत्या कॉमर्सवाल्याने लिहिले तर आजोबा त्यात उरणारच नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागात सांगितली की लोकांच्या कपाळावर आठी येते. कन्नड नीट शीक, लिहिण्यावाचण्यापुरती नव्हे तर करारनामा वाचून त्यातली खोच ओळखण्याइतकी. सीमाप्रश्नात माझे मन कोठे आहे हे तुझ्या वडिलांना ठाऊक आहे आणि ते बदललेले नाही. पण माझ्या छापखान्यात एकाच दिवशी मराठी लग्नपत्रिका, कन्नड पावतीपुस्तक आणि इंग्रजी बिलबुक छापले जाई, आणि कन्नड प्रूफ तपासायला मला दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागत. त्यापायी एका सोसायटीचा संपूर्ण अहवाल मला पदरचा कागद घालून पुन्हा छापावा लागला. त्या खर्चाची नोंदही, अर्थात, दुसऱ्या वहीत गेली.

माझ्या वडिलांनी मला कॉमर्सला जा म्हटले होते आणि मी घर सोडण्याची धमकी दिली होती. मी बी.ए. केले यात माझे चुकले असे मला आजही वाटत नाही. मराठी शिकलो नसतो तर त्या छापखान्यातून पत्रिका आणि पावत्यांपलीकडे काहीही निघाले नसते. चुकले ते एवढेच की हिशेब मी दुसऱ्याचे काम मानला, आणि वडिलांनी संध्याकाळी दिवाणजींची वही माझ्यासमोर सरकवली की मी ती न उघडता परत सरकवत असे. ते काही बोलत नसत. तू तुझ्या वडिलांशी असे वागू नकोस. ते बी.कॉम. म्हणतात तेव्हा तुझ्या इतिहासाला विरोध करत नसतात. उद्याच्या उधारीची भीती त्यांना वाटते आणि ती खोटी नाही.

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी दोन दिवस अथणीला जाऊन ये. आजोबांजवळ बस आणि एका जोडाची हकीकत त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. त्याच पानावर, त्या शब्दांच्या खालीच, जोडाचा खर्च मांड. पान वेगळे घेऊ नकोस. येत्या रविवारनंतर केव्हाही ते घेऊन ये, मी घरीच असतो. शुद्धलेखन मी तपासीन. हिशेब तपासायला वडिलांना बरोबर आण.

तुझे,
छापखान्याचे काका