टीव्ही चांगला आहे, सिग्नल बंद झालाय

प्रश्न : कसबा बावड्यात आमच्या घरावर जुना अँटेना आहे. त्यावर दूरदर्शन दिसायचं, आता नुसत्या मुंग्या येतात. वायरही बदलून पाहिली. टीव्ही मोडीत काढावा का?

उत्तर : मुळीच काढू नका. दूरदर्शनने टॉवरवरून होणारं ॲनालॉग (जुन्या, डिजिटल नसलेल्या पद्धतीचं) प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने थांबवलं. मोक्याची सुमारे ५० ठिकाणं वगळून बाकीची केंद्रं ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायची, असं ठरलं होतं. हवेत सिग्नलच नसेल तर अँटेना कुठेही फिरवा, मुंग्याच दिसणार. ॲनालॉगमध्ये एकच वाहिनी ७-८ मेगाहर्ट्झ जागा अडवते. तेवढ्याच जागेत डिजिटलच्या बऱ्याच वाहिन्या बसतात. दूरदर्शन फुकटच हवं असेल तर डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून छत्रीवर येणारी सेवा घ्या. छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग), केबल आणि बॉक्स यांचा खर्च एकदाच येतो, महिन्याचं भाडं नाही.

प्रश्न : फ्री डिशची छत्री स्वतः बसवली. ‘स्ट्रेंग्थ’ ८० टक्के दाखवते, पण एकही चॅनेल येत नाही. (राजारामपुरी)

उत्तर : स्ट्रेंग्थवर विश्वास ठेवू नका. छत्री भलतीकडे असली तरी एलएनबीला वीज मिळाली की तो आकडा चढतो. बघायची ती ‘क्वालिटी’. ती शून्य असेल तर दिशा चुकली आहे.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. कोल्हापुरातून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १२९ अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या किंचित पूर्वेकडे आणि क्षितिजापासून ६० अंश वर येतो. मोबाइलचं होकायंत्र स्लॅबच्या सळ्यांजवळ किंवा पत्र्यावर चुकतं. चार पावलं दूर जाऊन दिशा धरा आणि समोरच्या एखाद्या इमारतीची खूण ठेवा. छत्री ‘ऑफसेट’ प्रकारची (एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली) असते, त्यामुळे नीट लागल्यावरही ती ६० अंश वर बघतेय असं वाटत नाही, बरीच खाली झुकलेली दिसते. बहुतेकांची इथेच फसगत होते. मागच्या कंसावरचा आकडा पाहून ६० लावा.

मग खांब ओळंब्यात आहे ना ते तपासा. खांब तिरका असला तर कंसावरचा आकडा खोटा ठरतो. नट अर्धे सैल ठेवून छत्री बोटभर फिरवा, दोन-तीन सेकंद थांबा, क्वालिटी बघा, परत बोटभर. बॉक्सला आकडा दाखवायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवलं तर नेमकी जागा निसटते. क्वालिटी आली तरी चॅनेलची यादी वाचा. शेजारीच ९५ अंशांवर दुसऱ्या डीटीएच सेवेचा उपग्रह आहे, यादीत डीडीच्या वाहिन्या नसतील तर तुम्ही तिकडे अडकलात. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत हळूहळू गोल फिरवून आकडा वाढवा. आपल्याकडून तिला ४५ अंशांच्या आसपास तिरकं करावं लागतं, सरळ ठेवली तर चॅनेल गळतात.

नारळाचं झाड आड येतंय का, याचा हिशेब सोपा आहे : दहा फुटांवरचा अडथळा छत्रीपेक्षा सतरा फुटांहून उंच असेल तरच अडवतो. केबल आरजी-६ (छत्रीसाठीची जाड गोल केबल) घ्या. कनेक्टर लावताना बॉक्सची वीज बंद हवी, कारण केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट जातात. केबलच्या आतल्या जाळीचा एक तंतू मधल्या तारेला चिकटला तरी शॉर्ट होतो. कनेक्टरवर रबरी टेप गुंडाळा आणि केबलला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. आपल्याकडचा जून-जुलैचा पाऊस पाहता हे टाळून चालणार नाही. मुसळधार सरीत चित्र काही मिनिटं अडकणारच. मात्र पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास येत नसेल तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय, तो कापून नवा लावा.

प्रश्न : जुन्या डब्बा टीव्हीला बॉक्स जोडला. चित्र काळं-पांढरं येतं, वर-खाली सरकतं. (कागल)

उत्तर : बॉक्सच्या मेनूत ‘टीव्ही सिस्टिम’ (रंगीत चित्र पाठवायची पद्धत) ‘एनटीएससी’ झाली असणार, ती ‘पाल’ (PAL) करा. आपले जुने टीव्ही ६२५ ओळी, ५० हर्ट्झच्या पाल पद्धतीचे. एनटीएससीचे रंग त्यांना उलगडत नाहीत आणि ६० हर्ट्झमुळे चित्र सरकतं. तरीही रंग नसेल तर पिवळी पिन चुकून टीव्हीच्या हिरव्या खाचेत गेलीय का, तेही पाहा. एव्ही (पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या) खाचाच नसलेल्या टीव्हीला आरएफ मॉड्युलेटर, म्हणजे बॉक्सचं चित्र अँटेनाच्या खाचेतून देणारा डबा लागतो. त्याच्यावरचा आणि टीव्हीवरचा चॅनेल एकच ठेवा.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या फ्री डिशवर आमच्यापेक्षा जास्त चॅनेल कसे? (शाहूपुरी)

उत्तर : तुमचा बॉक्स एमपेग-२ चा (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) असावा, त्यांचा नव्या एमपेग-४ चा. एमपेग-४ मधले चॅनेल जुन्या बॉक्सला उलगडत नाहीत. छत्री तीच राहू द्या, फक्त बॉक्स बदला.