मंडईच्या नाटकात तलवारीची लढाई आहे, कोणाला लागू नये म्हणून काय करावं?

भाऊ, तुम्ही लिहिलं की दिवाळीनंतर गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, तुमचं ऐतिहासिक नाटक आहे, शेवटच्या अंकात आठ पोट्ट्यांची लढाई, आणि एक जण म्हणून राहिला की घरी भिंतीवर टांगलेल्या तलवारी आहेत त्याच वापरू, खर्च वाचते. हात जोडून सांगतो, त्या घेऊ नका.

मी ब्रह्मपुरीकडचा, झाडीपट्टीतला. चौदा वर्षं झाली गावच्या नाटकात काम करून राहिलो, त्यातली सहा वर्षं सामान माझ्याकडेच. शोभेची तलवार दिसते भारी पण बहुतेकींचं पातं मुठीच्या तोंडाशीच संपते, आत फक्त पेन्सिलीएवढी बारीक सळई वेल्डिंग करून बसवलेली असते, सगळा मार त्या टाक्यावर येते. आमच्याकडं एकदा तिसऱ्याच वाराला टाका सुटला, गड्याच्या हातात नुसती मूठ राहिली आणि पातं उडून समोर बसलेल्या लेकरांच्या हातभर अलीकडं पडलं. पुढच्या रांगेत लेकरंच बसतात, तुमच्याकडंही तसंच असन. तेव्हापासून स्टेजसमोर ८ फूट जागा दोरी बांधून मोकळी ठेवतो, मंडळवाले कितीही कुरकुरले तरी.

आता तलवार कोणती घ्यायची, तर वेल्डिंगच्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमची ५-६ मिलिमीटर जाड पट्टी कापून आणा, पातं आणि मुठीतला भाग एकाच पट्टीचा पाहिजे, जोड नको. तेवढ्याच लोखंडी पट्टीच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच वजन भरते, म्हणून वार मधातच थांबवता येते. टोक रुपयाच्या नाण्यासारखं गोल करा, कडा कानशीनं घासून बोथट करा. मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, कारण आपलं नाटक रात्रभर चालते आणि दोन-तीन वाजता दव पडलं की मूठ हातातून निसटते. अ‍ॅल्युमिनियमचा खणखणाट होत नाही हे खरं, पण विंगेत एकानं दोन सळया वाजवल्या की काम भागते. बांबूच्या तलवारीवर तलवार मारू नका, चिरफळी निघून सरळ डोळ्यात जाते. मागं नुसते उभे राहणारे मावळे असतील त्यांना प्लायची चालते.

लढाईत एक गोष्ट पोट्ट्यांच्या डोक्यात पक्की बसवा. वार अंगावर मारायचाच नाही, पुरा हात लांब केला तरी टोक समोरच्याच्या अंगापासून फूटभर अलीकडं राहिलं पाहिजे. आधी नजरेला नजर, मग समोरच्यानं ढाल वर घेतली की मगच वार. त्यानं ढाल उचलली नाही तर वार होतच नाही, डायलॉग मारून वेळ काढायचा. तोंडाकडं आणि गळ्याकडं तलवार कधीच न्यायची नाही. पोटात खुपसायचं असन तर पब्लिकला आडवं उभं राहून तलवार पलीकडच्या बगलेतून, अंगाच्या बाहेरून काढायची, समोरून पोटात गेल्यासारखीच वाटते (बाजूला पब्लिक बसवू नका, तिकडून सगळं दिसते). सगळे वार मोजून बसवा, एक-दोन-तीन-चार, आणि आठ दिवस हळूहळूच करा, मास्तर शिकवते तसं. स्पीड सगळ्यात शेवटी, आणि शोच्या रात्रीही पाऊण स्पीडच्या वर जाऊ नका. शिट्ट्या सुरू झाल्या की पोट्टं मोजणं विसरते आणि जोशात खरंच मारते, मी पाहिलेल्या जखमा बहुतेक अशाच झाल्या, तलवार बोथट असूनही. बोथट पट्टीनंही बोट मोडते भाऊ.

नाटकाच्या दिवशी संध्याकाळी मेकअपच्या आधी पूर्ण लढाई हळू स्पीडनं एकदा करून घ्या, त्याच स्टेजवर, त्याच लाइटमध्ये, पायात तेच जोडे घालून. सतरंजीची घडी वर आली असन तर खिळे ठोका. प्रत्येक तलवार कानाजवळ धरून हलवा, मुठीत खडखड आवाज आला तर ती बाजूला ठेवा, वेळेवर नुसती ठेवणीतली काठी दिली तरी चालन. पात्यावरून कापसाचा बोळा फिरवा, जिथं कापूस अडकते तिथं वारांनी खाच पडून बारीक कूस निघालेली असते, तिथं कानस मारा. ज्याच्या तोंडाला दारूचा वास आला त्याला तलवार द्यायची नाही, मग तो नायक का असेना. यावर आमच्याकडं भांडण झालं पण मी दिली नाही.

आणि धारदार तलवार ऑनलाइन मागवायच्या भानगडीत पडू नका, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं असन तर ते शस्त्राच्या नियमात येते. पोलीस पाटलाला आधीच तुमच्या पट्ट्या दाखवून ठेवा.

पडदा पडल्याबरोबर तलवारी मोजून पेटीत कुलूपबंद करा. आमच्या दोन एकदा सकाळी तळ्यावर सापडल्या, लेकरं लढाई लढाई खेळून राहिले होते.