रात्रीची दारू, पहाटेची गाडी

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातील एका गावात राहतो. माझे यजमान 44 वर्षांचे असून आमची पिकअप गाडी आहे. पहाटे साडेपाचला निघून ते चार-पाच गावांचे दूध गोळा करतात आणि शीतकरण केंद्रावर पोहोचवतात. गेली नऊ-दहा वर्षे ते रोज रात्री दारू घेतात. पूर्वी एक क्वार्टर पुरत असे, आता दोन लागतात. नऊच्या सुमारास बसतात, जेवतात आणि झोपतात. भांडण नाही, शिवीगाळ नाही, आणि पिऊन कधी गाडीला हात लावत नाहीत. मागील महिन्यात सकाळी सव्वासहाला महामार्गावर पोलिसांनी त्यांना मशीनमध्ये फुंकायला लावले, तेव्हा आकडा 72 आला. सकाळी त्यांनी थेंबही घेतला नव्हता. चहा देऊन मीच त्यांना निरोप दिला होता. मशीन बिघडलेले होते असे ते म्हणतात. मात्र सकाळी त्यांचे हात इतके थरथरतात की कप बशीवर वाजतो, आणि अलीकडे तळपायांना मुंग्या येतात. ओळखीच्या एका बाईंनी चहात गुपचूप घालण्यासाठी एक पूड आणून दिली आहे. ती देऊ का? की त्यांना दारू एकदम बंद करायला लावू? आणि खटल्याचे पुढे काय होईल?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सर्वांत आधी एक विनंती करतो. ती पूड देऊ नका, आणि दारू एका दिवसात बंद करण्याची शपथही त्यांना घालू नका. ही दोन्ही पावले तुम्ही मायेपोटी उचलाल, परंतु दोन्हींमध्ये जिवाला धोका आहे. त्याची कारणे पुढे सांगतो. आधी त्या आकड्याविषयी, म्हणजे 100 मिलीलीटर रक्तातील 72 मिलीग्रॅम अल्कोहोलविषयी लिहितो, कारण तुमच्या घरातील सगळा गैरसमज त्या एका आकड्यात साठलेला आहे.

तुमचे यजमान खोटे बोलत नाहीत, आणि मशीनही बहुधा खोटे बोलत नव्हते. क्वार्टर म्हणजे 180 मिलीलीटर. व्हिस्की किंवा रमच्या 30 मिलीलीटरच्या एका पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणून एका क्वार्टरमध्ये 60 ग्रॅम आणि दोन क्वार्टरमध्ये 120 ग्रॅम. आपले यकृत तासाला सुमारे 8 ते 10 ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते. रोज पिणाऱ्यांमध्ये हा वेग थोडा वाढू शकतो, परंतु झोप, आंघोळ किंवा चहा यांपैकी कशानेही तो वाढत नाही. रात्री नऊपासून घेतलेले 120 ग्रॅम उतरण्यास म्हणजे किमान बारा तास हवेत, आणि ते तर नवव्या तासाला गाडी घेऊन रस्त्यावर आलेले होते. तेव्हा त्यांच्या शरीरात सुमारे तीन पेग शिल्लक असले पाहिजेत, आणि मध्यम बांध्याच्या माणसात तीन पेगचा हिशेब 70 च्या आसपासच येतो. त्यांनी त्या सकाळी दारू घेतली नव्हती हे अगदी खरे आहे, पण ते दारूच्या अमलाखाली गाडी चालवत होते हेही तितकेच खरे आहे. मागील महिन्यात ते पहिल्यांदा पकडले गेले एवढेच. हे घडत मात्र रोज असणार. त्या वेळी रस्त्यावर सायकलवरची शाळकरी मुले असतात, फिरायला निघालेली वयस्कर माणसे असतात, शेतावर जाणाऱ्या बाया असतात, म्हणून मी हे इतके स्पष्टपणे लिहीत आहे.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. 72 आकडा असूनही ते सरळ चालत होते, तुमच्याशी नीट बोलत होते आणि तुम्हाला कसलाही संशय आला नाही. आपल्याकडे झोकांड्या खाणारा, गल्लीत आरडाओरडा करणारा तोच दारुडा मानला जातो. शांतपणे पिऊन झोपणाऱ्याला मात्र ‘त्याचे काही नाही, तो आपल्या मर्यादेत आहे’ असे म्हणून सोडून दिले जाते. वस्तुस्थिती अशी की एवढे अल्कोहोल अंगात असताना माणूस नेहमीसारखा दिसतो तेव्हा त्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. एका क्वार्टरचे दोन होणे हे त्याच सरावाचे लक्षण आहे. चालणे आणि बोलणे सरावाने सांभाळता येते. पण अचानक आडव्या आलेल्या माणसासाठी क्षणात ब्रेक दाबणे, समोरच्या गाडीच्या वेगाचा अंदाज घेणे, एकाच वेळी आरसा आणि रस्ता दोन्हींवर लक्ष ठेवणे, या गोष्टींवर तेवढी भिस्त ठेवता येत नाही.

खटल्याविषयी थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होऊ शकते. परवानाही निलंबित होऊ शकतो. न्यायालयात काय सांगावे हे वकिलाला विचारा. मात्र ‘सकाळी घेतली नव्हती’ या बचावाला अर्थ नाही, कारण कायदा कधी प्यायलात हे विचारत नाही, रक्तात किती आहे एवढेच पाहतो. उद्या अपघात झाला आणि रक्तात दारू आढळली, तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी सहसा नाकारते, आणि जखमींना दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करण्याचा प्रयत्नही करू शकते.

आता हातांच्या थरथरीकडे वळू. हा अशक्तपणा नाही. रोज दारूच्या गुंगीत राहण्याची सवय लागलेला मेंदू रक्तातील पातळी उतरू लागताच अस्वस्थ होतो, त्याची ही खूण आहे. काही जण यावर सकाळीच ‘उतारा’ म्हणून घोटभर घेतात आणि थरथर थांबते; तेथून पुढे दारू दिवसभराची होते. तुमचे यजमान अद्याप तेथे पोहोचलेले नाहीत, त्यामुळे उपचारासाठी ही वेळ चांगली आहे. परंतु अशा माणसाने दारू अचानक तोडली, तर 6 ते 48 तासांत त्याला फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भास होणे, वेळकाळाचे भान सुटणे, ताप येणे, प्रचंड घाम येणे अशी गंभीर अवस्था येऊ शकते. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत मृत्यूही ओढवतो. देवाची माळ घालून किंवा मुलांच्या डोक्यावर हात ठेवून एका रात्रीत दारू सोडलेली माणसे तिसऱ्या दिवशी बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या घरच्यांना ‘सोडली म्हणून असे झाले’ असे वाटून पुन्हा दारू पाजतानाही पाहिले आहे. म्हणून दारू सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पहिला आठवडाभर मेंदू शांत ठेवणारी औषधे मोजून आणि हळूहळू कमी करत दिली जातात, आणि त्याबरोबर ब-1 जीवनसत्त्व आवर्जून दिले जाते. त्या काळात त्यांनी गाडी अजिबात चालवू नये. दारू अंगात असतानाची गाडी जितकी धोक्याची, तितकीच फिट येण्याच्या शक्यतेतील गाडीही धोक्याची असते.

त्या पुडीत काय आहे हे तुम्हाला किंवा मला ठाऊक नाही. अशा गुप्त औषधांत डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. हे औषध मुळात वाईट नाही. ज्याने स्वतःहून दारू सोडली आहे आणि ज्याला त्याचे परिणाम समजावून सांगितले आहेत, अशा रुग्णाला आम्ही ते तपासण्या करून देतो. ते पोटात असताना दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि क्वचित हृदयाचे ठोके बिघडून जीवही जातो. शिवाय या औषधाने यकृतालाही इजा होऊ शकते. तुमच्या यजमानांच्या रक्तात सकाळी दारू असतेच. तुम्ही चहातून पूड द्याल आणि तासाभराने दुधाच्या कॅनांनी भरलेली गाडी घाटात असताना ते कोसळतील, हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणून पाहा. ताई, ती पूड आजच टाकून द्या.

तळपायांच्या मुंग्या हीसुद्धा दुर्लक्ष करण्यासारखी बाब नाही. दीर्घकाळच्या दारूने आणि तिच्यामुळे होणाऱ्या ब-1 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि क्लच-ब्रेकवर पाय किती दाबला आहे याचा अंदाज चुकू लागतो. मुंग्या मधुमेहामुळेही येतात, म्हणून साखर तपासून घ्या. त्याचबरोबर यकृताच्या रक्ततपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी करा. यकृत बिघडू लागले तरी बहुतेक वेळा दुखत नाही. कावीळ दिसते, पोटात पाणी होते किंवा रक्ताची उलटी होते तोवर खूप उशीर झालेला असतो. याउलट केवळ चरबी साचण्याच्या टप्प्यावर असलेले यकृत दारू पूर्ण थांबल्यावर काही आठवड्यांत सुधारू लागते. हे त्यांना जरूर सांगा. भीतीपेक्षा या माहितीने माणूस लवकर तयार होतो, असा माझा अनुभव आहे.

बोलायचे कधी आणि कसे? रात्री नऊनंतर अजिबात नको. दुधाची फेरी आटोपून ते घरी आल्यावर, दुपारी जेवणानंतर, मुले समोर नसताना बोला. ‘तुम्ही दारुडे झालात’ असे म्हणू नका. हा अंक त्यांच्या हाती द्या, पेगांचा हिशेब त्यांना स्वतःला करू द्या, आणि म्हणा, ‘तुम्ही खोटे बोलला नाहीत हे मला माहीत आहे, पण मशीनही खोटे बोलले नाही. आपण एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ.’ त्याच बैठकीत उपचार सुरू होईपर्यंत दुधाची फेरी कोण करील हे ठरवा. दीर असतील, भाचा असेल, नाहीतर महिनाभरासाठी चालक ठेवावा लागेल. खर्च होईल, पण तो करा. आणि यापुढे ते उठू शकले नाहीत, तर डेअरीला ‘त्यांना ताप आहे’ असा निरोप देऊ नका. तुम्ही इतकी वर्षे घराची अब्रू राखण्यासाठी हे केले असेल, त्यात तुमचा दोष नाही; मात्र त्या निरोपांमुळे दारूची किंमत त्यांच्याऐवजी तुम्ही मोजत आला आहात.

जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा; तेथे उपचार अल्प खर्चात होतात. पुण्यात 1986 पासून चालणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. केंद्र सरकारची 14446 ही व्यसनमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा आहे. दारू सोडू इच्छिणाऱ्यांचा परस्पर मदतीचा गट असलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा अनेक शहरांत भरतात आणि तेथे फी नसते. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन हा स्वतंत्र गट आहे, तेथे तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, दारूच्या आहारी गेलेल्या दर 38 जणांपैकी केवळ एकाला कोणती ना कोणती मदत मिळाल्याचे आढळले होते. तुम्ही पत्र लिहिलेत, म्हणजे त्या वाटेवर पहिले पाऊल पडले आहे.

प्रश्न : मी 27 वर्षांचा असून नाशिकला नोकरी करतो. कंपनीच्या पार्टीत मी दारू घेत नाही, फक्त बिअरच्या दोन बाटल्या घेतो. तासभर थांबून, काळी कॉफी पिऊन मोटारसायकल चालवली तर चालते का? की पार्टीच्या ठिकाणीच झोपून सकाळी निघावे?

उत्तर : बिअर ही दारूच आहे. 8 टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीलीटरच्या एका बाटलीत सुमारे 40 ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे व्हिस्कीचे चार पेग. तुमच्या दोन बाटल्यांचे आठ पेग झाले. त्यातील एकच बाटली सर्वसाधारण बांध्याच्या पुरुषाला कायद्याच्या मर्यादेच्या दुपटीहून पुढे नेण्यास पुरेशी आहे. कॉफीने झोप उडते, रक्तातील अल्कोहोल कमी होत नाही. लिंबूपाणी आणि गार पाण्याची आंघोळ यांचेही तेच. मर्यादेच्या आत राहिलो म्हणजे सुरक्षित आहोत असेही मानू नये, कारण 30 हा आकडा गुन्हा कोठे सुरू होतो ते सांगतो, लक्ष विचलित होणे त्याआधीच सुरू झालेले असते. मोटारसायकल घरी ठेवा आणि रिक्षाने किंवा न पिणाऱ्या सहकाऱ्याबरोबर जा. तेथेच झोपणार असाल, तर वरच्या पत्रातील हिशेब तुम्हालाही लागू आहे : दहा ते बाराच्या दरम्यान दोन बाटल्या संपवल्या, तर सकाळी आठच्या आत मोटारसायकलच्या चावीला हात लावू नका, आणि जड वाटत असेल तर आठलाही नको.